पाठिंब्याच्या पत्रकावर ब्रिगेडियरची सही

एका मुलीचा प्रश्न आहे. तिचे वडील ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले, आता वय ६८. विधानसभेच्या एका उमेदवाराची माणसं घरी येऊन गेली. तीसेक निवृत्त अधिकाऱ्यांच्या सह्यांचं पाठिंब्याचं पत्रक काढायचंय, त्यावर बाबांची सही हवी, आणि जमलं तर सभेत अर्धा तास व्यासपीठावर बसायचं. बाबा दोन दिवस विचारात आहेत. आई म्हणते, कशाला त्या भानगडीत पडता. मुलीला विचारायचंय की एवढे मोठे फौजी अधिकारी असा जाहीर पाठिंबा का देतात, त्यामागे पदाची आशा असते का, आणि बाबांनी सही करावी का.

मी पायदळात २८ वर्षं काढली, कर्नल म्हणून बाहेर पडलो, आणि गेली तेरा वर्षं सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या पेन्शनची आणि वीरपत्नींच्या कागदपत्रांची कामं बघतो. या काळात मलाही चार वेळा असं विचारलं गेलंय. एकदा मी चुकलो. ते पुढे सांगतो.

कायद्याचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. नोकरीत असलेल्या सैनिकाला राजकीय सभेत भाग घेणं, पक्षाचं काम करणं, कुणाचा प्रचार करणं हे आर्मी रूल्सच्या नियम २० खाली बंद आहे. फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क असे आवळण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३३ने संसदेला दिलेला आहे. निवृत्तीनंतर ही बंधनं सुटतात. बाबा इतर कुणाहीसारखे नागरिक आहेत. त्यांनी पक्षात जावं, उभं राहावं, कुणालाही पाठिंबा द्यावा, कायदा आडवा येत नाही.

तरीही त्या माणसांना एक गोष्ट विचारून बघा. पत्रकावर 'ब्रिगेडियर' न लावता नुसतं नाव-आडनाव आणि गावाचं नाव टाकलं तर चालेल का? चालणार नाही. त्यांना बाबांचं मत नकोय, बाबांचा हुद्दा हवाय. कमिशन्ड अधिकाऱ्याला हुद्दा मरेपर्यंत लावता येतो. आम्हाला शिकवलेलं असं, की हुद्दा निवृत्त होत नाही, अधिकारी होतो. म्हणून तर 'निवृत्त' हा शब्द कंसात नावानंतर येतो, हुद्द्याच्या आधी नाही. त्या हुद्द्यामागे बाबांची चाकरी आहे हे खरं, पण आज बॉर्डरवर उभ्या असलेल्या ब्रिगेडियरचा हुद्दाही तोच आहे. सभेत बसलेल्या माणसाला कंसातला शब्द ऐकू येत नाही. त्याला वाटतं, फौज या बाजूला आहे.

आज हा प्रकार ज्या रूपात दिसतो ते रूप अमेरिकेत घडलं, आणि तिथली गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली की हेतूंचा गुंता बराच सुटतो. १९८८मध्ये मरीन कोअरचे माजी प्रमुख पी. एक्स. केली यांनी जॉर्ज बुश थोरले यांना पाठिंबा दिला. पण वळण आलं ते १९९२ साली. बिल क्लिंटन यांच्यावर व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती टाळल्याचा आरोप होता, आणि समोर दुसऱ्या महायुद्धात विमान उडवलेले बुश होते. अशा वेळी सेनाप्रमुखांच्या संयुक्त समितीचे माजी अध्यक्ष ॲडमिरल विल्यम क्रो क्लिंटन यांच्या बाजूने उभे राहिले. उमेदवाराच्या अंगरख्यावर जिथे फाटलं होतं तिथे नेमकं ठिगळ बसलं. १९९४ साली क्रो लंडनला अमेरिकेचे राजदूत झाले.

लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, मोबदला मिळाला. मी एवढ्या घाईने म्हणणार नाही. आधी हे झालं आणि नंतर ते झालं, एवढ्यावरून माणसाचं मन वाचता येत नाही. क्रो त्या पदाला लायक होतेच. पण त्या घटनेनंतर प्रत्येक पाठिंब्याकडे लोक याच नजरेने बघू लागले, आणि हे नुकसान हेतू शुद्ध असला तरी टळत नाही.

पुढे तिथे चढाओढच लागली. २०१२मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्यासाठी पाचेकशे निवृत्त जनरल-ॲडमिरलांच्या नावांची जाहिरात वर्तमानपत्रात आली. २०१६च्या सप्टेंबरात ट्रम्प यांच्या बाजूने ८८ नावं जाहीर झाली, लगेच समोरच्या उमेदवार हिलरी क्लिंटनबाईंच्या गोटातून ९५ नावांचं उत्तर आलं. जणू तराजूत वजनं टाकावीत तशी नावं. त्याच वर्षी जुलैमध्ये एका पक्षाच्या अधिवेशनात लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन गर्जले, दुसऱ्याच्या अधिवेशनात जनरल जॉन ॲलन. दोघेही दोन-तीन वर्षांपूर्वीच गणवेश उतरवलेले. त्यावर संयुक्त समितीचे माजी अध्यक्ष मार्टिन डेम्प्सी यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून दोघांनाही चूक ठरवलं. फौज म्हणजे राजकारणात जिंकायचं बक्षीस नव्हे, असं त्यांचं म्हणणं. फ्लिन पुढे ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि महिन्याभराच्या आत त्यांना ते पद सोडावं लागलं.

एवढं करून मतं मिळतात का? २०१२च्या निवडणुकीत तिथल्या अभ्यासकांनी हे तपासलं होतं. ज्यांचं मत ठरलेलं असतं ते हलत नाहीत, कुंपणावरच्यांवर थोडाफार परिणाम होतो. आपल्याकडे मी जे पाहिलंय ते याहून फार वेगळं नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरीसारखं गाव घ्या, जिथे घरटी फौजी आहे. तिथे जनरलसाहेबांच्या पत्रकावर कुणी मत ठरवत नाही. तिथे निवृत्त सुभेदार मेजर पारावर काय बोलतो ते ऐकलं जातं, कारण तो त्यांच्यातला असतो, त्यांच्या पोराच्या भरतीच्या धावण्याची वेळ त्याने घड्याळ लावून घेतलेली असते. म्हणजे तुमच्या घरी आलेल्या माणसांची नजर फौजींच्या मतांवर फारशी नाही. शहरातल्या, ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी फौजेत गेलं नाही, अशा मतदारावर आहे. फौजेबद्दल सगळ्यात जास्त आदर आणि सगळ्यात कमी माहिती तिथेच असते.

आता हेतूंकडे येतो. पदाची आशा असते का? काहींना असते. राज्यपालपद, राजदूतपद, राज्यसभा, एखादं मंडळ. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब १९७१च्या ढाक्याच्या शरणागतीतले मोठे नाव. पुढे ते भाजपमध्ये गेले आणि गोव्याचे, मग पंजाबचे राज्यपाल झाले. लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा अकाली दलाकडून राज्यसभेत होते. यात लपवाछपवी काही नाही, आणि आशा धरणं हा गुन्हाही नाही. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. कर्नल ५४व्या वर्षी घरी जातो, ब्रिगेडियर ५६व्या, मेजर जनरल ५८व्या, लेफ्टनंट जनरल ६०व्या. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५पर्यंत बसतो. ज्या वयात इतरांची कारकीर्द भरात असते त्या वयात आमचा माणूस पुण्यात नाहीतर नाशकात फ्लॅटचं मेंटेनन्सचं बिल बघत बसतो. अंगात रग असते, डोकं चालत असतं. कुणीतरी काम द्यावं असं वाटणं साहजिक आहे.

दुसरा हेतू दुखावलेपणाचा, आणि माझ्या मते हा पदापेक्षा मोठा आहे. बढती हुकलेली असते, ज्युनियर डोक्यावर बसलेला असतो, वेतन आयोगात फौजेला खालची पायरी मिळालेली असते. १९८३ साली लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून अरुणकुमार वैद्य यांना सेनाप्रमुख केलं, तेव्हा सिन्हांनी राजीनामा दिला. जनरल व्ही. के. सिंग यांचा जन्मसालाचा वाद २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१२मध्ये ते निवृत्त झाले, सप्टेंबर २०१३मध्ये रेवाडीच्या माजी सैनिक मेळाव्यात नरेंद्र मोदींच्या व्यासपीठावर होते, मार्च २०१४मध्ये भाजपमध्ये गेले आणि गाझियाबादहून साडेपाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. त्यांच्या मनात कोणता हेतू किती होता हे ते स्वतःच जाणोत. पण रेवाडीला आलेल्या हजारो माजी सैनिकांचा हेतू मला नीट ठाऊक आहे, कारण आमच्या भागातले लोकही त्याच गोष्टीकडे डोळे लावून होते: वन रँक वन पेन्शन. १९८५ला घरी आलेला हवालदार आणि २००८ला घरी आलेला हवालदार, नोकरी तेवढीच, पेन्शन वेगळी. ज्याने आश्वासन दिलं त्याच्या मागे लोक गेले. हा मागणीसाठी दिलेला पाठिंबा होता, शेतकरी देतो तसा, कामगार देतो तसा. त्यात मला काही वावगं दिसत नाही. तिथे मागणी उघड असते, हिशेब उघड असतो.

तिसरा हेतू निखळ मताचा. माणूस चाळीस वर्षं तोंड बंद ठेवून नोकरी करतो. मेसच्या टेबलावर धर्म, राजकारण आणि बायका हे तीन विषय काढायचे नाहीत, हे कमिशन मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात कळतं. सुटल्यावर त्याला बोलायचं असतं. नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास अलिबागजवळ राहायचे. आम आदमी पक्षाचे ते अंतर्गत लोकपाल होते, २०१५मध्ये त्यांना त्या जागेवरून दूर केलं गेलं. तरी २०१९मध्ये 'मोदीजी की सेना' हे शब्द प्रचारात आले तेव्हा त्यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं. त्यांच्याशी सहमत असा वा नसा, यात मिळवायचं काही नव्हतं.

आणि चौथा हेतू, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. फोन.

नोकरीत असताना दिवसाला साठ फोन येतात. गाडीचं दार दुसरा कुणी उघडतो. सकाळी बूट चमकवलेले मिळतात. निवृत्तीच्या आदल्या रात्री मेसमध्ये डायनिंग-आउट, म्हणजे निरोपाचं जेवण होतं, दुसऱ्या दिवशी जवान गाडीला दोर लावून ओढत गेटपर्यंत नेतात, डोळे भरून येतात. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅसच्या नंबरासाठी फोनवर थांबलेले असता. मी निवृत्तीनंतरचे पहिले आठ महिने रोज सकाळी साडेपाचला दाढी करून तयार बसायचो. बायको विचारायची, कुठे निघालात? कुठेच नाही. अशा वेळी एक पांढरी गाडी दाराशी येते, चार माणसं वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, 'साहेब, तुमच्यासारख्यांचं मार्गदर्शन हवंय.' त्या वाक्याला किती बळ असतं हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं. तुमचे बाबा दोन दिवस विचारात आहेत, त्यात हेही थोडं असेल. त्यांना लोभी समजू नका. घरात आपण त्यांना काही विचारतो का, हे एकदा बघा.

माझी चूक अशीच झाली. एका निवडणुकीत एका उमेदवाराने बोलावलं, मी गेलो, चहा घेतला, त्याने सैनिक भवनाचं बोललं, मी 'चांगली कल्पना आहे' म्हणालो. एवढंच. तीन दिवसांनी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर माझा गणवेशातला फोटो, कुठल्यातरी रियुनियनमधून उचललेला, छातीवर मेडल्स, खाली ठळक अक्षरांत 'कर्नल' आणि नाव. 'निवृत्त' हा शब्द नाही. वर उमेदवाराचं चिन्ह. निवडणूक आयोगाने २०१३मध्येच पक्षांना बजावलं होतं की संरक्षण दलांतल्या व्यक्तींचे फोटो प्रचारात वापरू नका, आणि २०१९मध्ये तेच पुन्हा कळवलं. मी फोन केला, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. मला वाटलं विषय संपला.

त्या आठवड्यात एक निवृत्त नाईक, वय सत्तरच्या पुढे, माझ्याकडे यायचा होता. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून त्याचं हयातीच्या दाखल्याचं अडलं होतं, तीन महिने पैसे आले नव्हते. तो आला नाही. मी माणूस पाठवला तर निरोप आला, 'आमचं घर दुसऱ्या पार्टीचं, साहेबांना अडचण नको.' त्याला वाटलं माझ्या टेबलावर आता पार्टी बघून कागद पुढे सरकतो. मी त्याच्या घरी गेलो, कागद घेतले, काम झालं. पण तो मला खुर्ची देताना जसा उभा राहिला ना, तसा तो आधी कधी उभा राहिला नव्हता. अंतर पडलं होतं. तेरा वर्षांत जे कमावलं ते त्या एका घरापुरतं तरी तीन दिवसांच्या फ्लेक्सने गेलं.

हीच गोष्ट मोठ्या मापाने फौजेच्या बाबतीत होते. एखाद्या जनरलला निवृत्तीनंतर लगेच पक्षाच्या व्यासपीठावर पाहिलं की त्याने शेवटच्या दोन वर्षांत घेतलेला प्रत्येक निर्णय लोक उलटा वाचू लागतात. मंत्री पुढच्या प्रमुखाची निवड करताना मनात विचारू लागतो, हा कुणाचा? आणि युनिटमधला तरुण कॅप्टन, ज्याच्या कंपनीत सगळ्या पक्षांची, सगळ्या जातींची, धर्मांची शंभर-सव्वाशे पोरं आहेत, त्याला ती एकत्र ठेवायची असतात.

बाबांना पत्रकाबद्दल एक खास धोका सांगा. एप्रिल २०१९मध्ये दीडशेहून जास्त माजी सैनिकांच्या नावाचं एक पत्र राष्ट्रपतींना उद्देशून फिरलं. फौजेचा राजकारणासाठी वापर थांबवा, अशी त्यात विनंती होती. म्हणजे मजकूर पक्षीय राजकारणाच्या विरोधातच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी माजी लष्करप्रमुख जनरल एस. एफ. रॉड्रिग्ज आणि माजी हवाईदल प्रमुख एन. सी. सुरी यांनी सांगितलं की आम्ही संमती दिलेली नाही. राष्ट्रपती भवनाने म्हटलं, असं पत्रच आलेलं नाही. दुसरीकडे इतर काहींनी आम्ही सही केली आहे असं ठामपणे सांगितलं. दोन दिवस सगळा देश नावं खरी की खोटी यावर भांडला आणि पत्रात काय लिहिलंय ते बाजूला राहिलं. कोर्समेट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मसुदा येतो, कुणी अंगठा टाकतो, कुणी 'वेल सेड, सर' लिहितो, आणि यादी करणारा ते होकार म्हणून धरतो. मी हे आमच्या ग्रुपवर होताना पाहिलंय. जे राजकारणाच्या विरोधातल्या पत्राचं झालं, ते पक्षाच्या पत्रकाचं किती सहज होईल, बघा.

मग फौजीने राजकारणात पडूच नये का? अमेरिकेचे जनरल जॉर्ज मार्शल मतदानही करत नसत. मी तिथवर जात नाही. ज्याला राजकारण करायचंय त्याने स्वतः उभं राहावं. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३मध्ये निवृत्त झाले आणि तब्बल १८ वर्षांनी, १९७१मध्ये, ईशान्य मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले. पडले. माझ्या मते हा मार्ग सरळ होता. मतदाराने त्यांना तोलून पाहिलं, नको म्हणाला, विषय संपला. आपल्या कोकणातले ब्रिगेडियर सुधीर सावंत राजापूरहून खासदार झाले, मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले, जनरल जे. जे. सिंग २०१७मध्ये पतियाळ्यात अमरिंदरसिंगांसमोर हरले. यातल्या प्रत्येकाने खड्ड्यांपासून पाण्यापर्यंत सगळ्याची उत्तरं दिली, शिव्या खाल्ल्या, हिशेब दिला. डेम्प्सींनीही हाच फरक केला होता: उभा राहणारा मतदाराला बांधील असतो. पाठिंब्याची सही करणारा कुणालाच बांधील नसतो. उमेदवाराने उद्या पक्ष बदलला तर बाबा काय करणार? ते नाव तर छापून गेलेलं असेल.

निवृत्ती आणि राजकारण यांच्यात सक्तीचं अंतर ठेवावं अशी मागणी अधूनमधून होते. सनदी अधिकाऱ्यांबाबत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये मान्य केली नाही, ते ठरवणं कायदेमंडळाचं काम आहे म्हणून. तोवर प्रत्येकाने आपल्यापुरतं ठरवायचं.

बाबांना मी असं सुचवेन. उमेदवार खरोखर आवडत असेल तर त्याला मत द्या, वर्गणी द्या, सोसायटीतल्या मित्रांना तोंडाने सांगा. जाहीर लिहायचंच असेल तर उमेदवाराचं नाव न घेता विषयावर लिहा: ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात औषधं का मिळत नाहीत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसं किती कमी आहेत. यावर एका ब्रिगेडियरचं पत्र आलं तर सगळ्याच उमेदवारांना उत्तर द्यावं लागेल. हुद्दा तिथे लावावा, तो त्याच माणसांसाठी मिळालाय. व्यासपीठावर मेडल्स लावून बसू नका. आणि नकार फोनवर देऊ नका, दोन ओळी लिहून द्या, तारीख घाला, प्रत ठेवा. 'माझं नाव, हुद्दा आणि फोटो प्रचारात वापरायला माझी संमती नाही', एवढं पुरे. ग्रुपवर अंगठाही टाकू नका.

ती माणसं पुन्हा आली तर चहा द्या. आणि ती गेल्यावर बाबांना विचारा, सैनिक कल्याण कार्यालयात आठवड्यातून दोन सकाळी येतील का. आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांची रांग नोव्हेंबरात जिन्यापर्यंत येते, आणि इंग्रजी पत्रं लिहून देणारा माणूस एकच आहे.